सोळाव्या हिश्शाची डाकोटा

रिमोटवर उडणारं, महायुद्धातल्या दोन इंजिनांच्या विमानाचं मॉडेल करतोय म्हटल्यावर आमच्या मॉडेल उडवणाऱ्या मंडळींपैकी तिघांनी मॉस्किटो हे लढाऊ विमान सुचवलं आणि एकाने लाइटनिंग. माणसं आणि माल वाहणारी डाकोटा कोणाच्याच तोंडी आली नाही. "बस आहे ती, तिच्यात काय पाहायचं?" असं एक जण म्हणाला. मला बसच करायची होती.

कारण घरचं. माझे आजोबा, आमचे आबाजी, आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपाल सेवेत, सॉर्टर होते. १९४९ साली, रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना, रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली आणि तिचा मधला टप्पा ठरला नागपूर. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा चारी बाजूंनी निघालेल्या डाकोटा रात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरायच्या, टपालाची पोती एकीतून दुसरीत जायची आणि सकाळपर्यंत त्या आपापल्या गावी परत. युद्ध संपल्यावर लष्कराला नको झालेल्या डाकोटा तेव्हा ढिगाने मिळत होत्या. नव्या हवाई कंपन्या त्यांच्यावरच उभ्या राहिल्या. आबाजींनी लहानग्या बाबांना एकदा सोबत नेलं होतं. बाबांना त्या रात्रीच्या दोनच गोष्टी आठवतात, थंडी आणि विमानाच्या आतला चढ. डाकोटा शेपटीवर बसते. मागच्या दारातून आत पाऊल टाकलं की पुढे टेकडी चढल्यासारखं चालावं लागतं. हा चढ मी लहानपणापासून शंभरदा ऐकलाय.

मी दिवसभर एका ऑफिसात शेड आणि गोदामांच्या स्टीलची ड्रॉइंगं काढतो. त्यामुळे विमानाचं समोरून, वरून आणि बाजूने असं तिन्ही बाजूंचं चित्र हाती आलं की निम्मं काम झालं, असा माझा समज. याआधी दोन-चार साधी थर्माकोलची विमानं केली होती, सगळी एका मोटरची.

आधी माप ठरवलं. खऱ्या डाकोटाचा पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २९.११ मीटर, लांबी १९.४३ मीटर. सोळाने भागलं की पंख १८२ सेंटीमीटर आणि लांबी १२१. पंखाचे बाहेरचे दोन तुकडे सुटे केले तर माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर हे आडवं मावतं. सोळा हा आकडा असा सीटवरून आला, पण वजनाचा हिशोब मांडला तेव्हा तो आणखी आवडला. लांबी सोळा पट कमी झाली की क्षेत्रफळ २५६ पट आणि घनफळ ४,०९६ पट कमी होतं. रिकाम्या डाकोटाचं वजन सुमारे आठ टन. भागाकार केला तर दोन किलो! भरलेली, पावणेबारा टनांची डाकोटा घेतली तर पावणेतीन किलोच्या जरा वर. म्हणजे माझं विमान या दोन आकड्यांच्या मध्ये बसलं तर ते वजनानेही अस्सल. मी २,४०० ग्रॅम धरले आणि स्वयंपाकघरातला डिजिटल काटा ताब्यात घेतला. तो नंतर सात महिने परत गेला नाही.

पंखाचं क्षेत्रफळ ९१.७ चौरस मीटरचं ३६ चौरस डेसिमीटर झालं. २,४०० ग्रॅम त्यावर पसरले तर दर चौरस डेसिमीटरला ६७ ग्रॅम. पावणेदोन मीटरच्या विमानाला हे जड नाही, पण हलकंही नाही. हिशोबाने ताशी ३७ किलोमीटरच्या खाली गेलं की ते हवेत राहणार नाही. हा आकडा मी पेन्सिलने भिंतीवर लिहून ठेवला.

असं मॉडेल करायचं म्हणजे जागोजागी खोटं बोलणं आलंच. इंजिनापुढच्या खऱ्या पंख्याचा व्यास साधारण साडेअकरा फूट, सोळाने भागून साडेआठ इंचांच्या जरा वर येतो. मी नऊ इंची तीन पात्यांचा लावला, कोणाच्या लक्षात येत नाही. खऱ्या डाकोटाचे दोन्ही पंखे एकाच दिशेने फिरतात, माझे एकमेकांच्या उलट, कारण मग विमान धावताना एका बाजूला ओढत नाही. ट्विन वास्प इंजिनाची चौदा सिलिंडरं मी फोटोच्या कागदावर छापून गोल पुठ्ठ्यावर चिकटवली आणि मोटरला हवा लागावी म्हणून सिलिंडरांच्या मधल्या फटी कटरने कापल्या. चाकं आत जात नाहीत. याबद्दल मला फारसं वाईट वाटत नाही, कारण खऱ्या डाकोटाची चाकंसुद्धा पूर्ण आत जात नाहीत, अर्धी बाहेर लोंबत राहतात. पोटावर उतरायची वेळ आली तर तीच जमिनीला आधी टेकतात.

एका गोष्टीत मात्र खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं. पंख. डाकोटाची ओळखच तो पंख आहे. मधला तुकडा सरळ आणि सपाट, इंजिनांच्या पलीकडे पुढची कड एकदम मागे वळते, मागची कड जवळजवळ सरळच राहते आणि बाहेरचे तुकडे किंचित वर उचललेले. आडवा छेदसुद्धा मूळचाच घ्यायचा: मुळाशी एनएसीए २२१५, टोकाला एनएसीए २२०६, ही पंखाच्या छेदांची ठरलेली नावं. पहिला रुंदीच्या पंधरा टक्के जाड, दुसरा सहा टक्के. माझ्या मापात मुळाशी पंख २७ सेंटीमीटर रुंद आणि चार सेंटीमीटर जाड, टोकाला साडेआठ सेंटीमीटर रुंद आणि पाच मिलिमीटर जाड. पाच मिलिमीटर थर्माकोल! ड्रॉइंगवर तो निमुळता होत जाणारा छेद इतका देखणा दिसत होता की मी दहा वेळा झूम करून पाहिला.

धडाचे आडवे गोल प्लायचे. तीन मिलिमीटरचा हलका प्लाय लकडगंजला एका दुकानात मिळाला आणि लेझरने कापून घेतला हिंगण्याच्या एमआयडीसीत. तिथल्या पोराने फाइल उघडून विचारलं, "हे घड्याळं आहेत का भाऊ?" नऊ गोल, प्रत्येक वेगळ्या आकाराचा, आतून पोकळ. सगळे मिळून ११० ग्रॅम. पंख थर्माकोलच्या ठोकळ्यातून, नायक्रोमच्या तारेत करंट सोडून कापला. दोन्ही बाजूंना छेदाच्या पट्ट्या लावायच्या, एका टोकाला मी, दुसऱ्याला लेक, आणि दोघांनी "एक, दोन, तीन" मोजत तार सरकवायची. मोजण्यात दोघं मागेपुढे झालो की पंखावर नाल्या पडतात. तीन ठोकळे वाया गेले. झटपट चिकटवायच्या नादात एकदा सुपरग्लू वापरला, तो थर्माकोल खात गेला आणि इंजिनाच्या जागेला खड्डा पडला. हे सगळ्यांनाच माहीत असतं, प्रत्येक जण तरी एकदा करून बघतोच.

वरून खाकी कागद. शाळेच्या वह्यांना कव्हर घालायला आणतो तोच. फेविकॉल पाण्यात निम्मा पातळ करायचा, कागद भिजवायचा, थर्माकोलवर पसरायचा आणि हाताने पुसत बुडबुडे काढायचे. वाळला की ढोलाच्या पानासारखा ताणून बसतो; पंख एकदम कडक होतो, आणि वजन फार वाढत नाही. फक्त खालचा आणि वरचा कागद एकाच वेळी वाळायला हवा.

माझा पंख एप्रिलच्या मध्यावर डायनिंग टेबलावर वाळत होता. नागपुरात एप्रिलच्या मध्यावर घरोघरी काय होतं, ते नागपूरकरांना सांगायला नको. कूलर लागला. वाळ्याच्या ताट्या नव्या, पाणी भरलेलं, आणि त्याचं तोंड थेट टेबलाकडे. मी ऑफिसात. संध्याकाळी आलो तर पंखाची उजवी बाजू कूलरकडे आणि डावी भिंतीकडे. उजव्याचा वरचा कागद ओला, खालचा वाळलेला. बायकोला काही म्हणायची सोय नव्हती. ती म्हणाली, "अहो, बेचाळीस डिग्रीत पंख्याखाली आम्ही बसायचं आणि कूलरमध्ये तुमचं विमान?" मी टोकं डोळ्यांनी जुळवून पाहिली, जराशी पिळल्यासारखी वाटली, इस्त्रीने गरम करून सरळ केली आणि विषय सोडला.

विजेच्या कामाला माझा मित्र. त्याचा हात सोल्डरिंगला बसलेला आहे. दोन मोटरी, त्यांचा वेग सांभाळणाऱ्या दोन ईएससी, बॅटरी मात्र एकच, ४,००० एमएएचची तीन सेलची. दोन बॅटऱ्या लावल्या आणि एक आधी संपली तर एक मोटर आधी बंद पडणार. एकीवर दोन्ही मोटरी असल्या की ती संपली तर दोन्ही सोबत बंद पडतात. दोन्ही ईएससी रिसीव्हरला वीज पुरवतात, म्हणून एकीची लाल वायर पिनेतून काढून टेपने गुंडाळली. ईएससी इंजिनाच्या खोळीत बसवल्या की बॅटरीच्या वायरी लांबवाव्या लागतात आणि लांब वायरींनी ईएससीतले कॅपॅसिटर उडतात, असं मित्राचं म्हणणं. म्हणून ईएससी धडात ठेवल्या आणि मोटरच्या तीन-तीन वायरी जोड देऊन पंखातून नेल्या. म्हणजे सहा जोड. हे सहा जोड पुढे येतील.

मग तोल. डाकोटाचं नाक आखूड, शेपूट लांब. बाहेरचा पंख मागे वळलेला असल्याने तोलाचा बिंदू कुठे ते मोजून काढावं लागतं. माझा हिशोब मधल्या पंखाच्या पुढच्या कडेपासून ८० मिलिमीटर मागे आला. बॅटरी नाकात पार पुढे ढकलली तरी शेपूट खालीच. शेवटी टायरवाल्याकडून बॅलन्सिंगचे शिशाचे तुकडे आणले आणि ६० ग्रॅम पायलटच्या पायाखाली चिकटवले. गोलांमध्ये भोकं पाडून वाचवलेलं वजन असं शिशात गेलं. एकूण २,३८० ग्रॅम.

रंग गडद ऑलिव्ह, वर आग्नेय आशियातल्या ब्रिटिश विमानांचा युद्धातला निळा-फिका निळा गोल. मधला लाल ठिपका तिकडे काढून टाकला होता, कारण जपानी विमानांवर लाल गोळा असायचा आणि घाईत आपलीच विमानं आपण पाडायचो. इम्फाळला १९४४ मध्ये वेढ्यातल्या फौजेला रसद पोचवणाऱ्या डाकोटांवर हाच गोल होता.

उडवायची जागा उमरेड रोडला, कुही फाट्याच्या पुढे. शहरात प्रश्नच नाही. सोनेगावच्या विमानतळाच्या हद्दीपासून बारा किलोमीटरपर्यंत नियम कडक आहेत, त्यामुळे नकाशा पाहून त्याच्या बाहेर बरंच लांब गेलो. तिथे एक लेआउट आहे. प्लॉट विकले गेले, घरं काही झाली नाहीत, मुरमाचे रस्ते मात्र आखल्यासारखे सरळ. मे महिना, पहाटे पावणेसहा. त्यानंतर ऊन आणि वारा दोन्ही सुरू होतात.

धाव छान झाली. शेपूट उचललं, आणि वीस-पंचवीस मीटरवर ती जमिनीवरून अशी अलगद सुटली की मित्र ओरडायचंच विसरला. दोन्ही मोटरींचा आवाज एकमेकांत मिसळून एक घुमणारा हुंकार येतो, एका मोटरच्या विमानाला तो कधीच येत नाही. तीन मिनिटं मी नुसत्या मोठ्या चकरा मारल्या. पूर्वेकडून वळताना पंखाची ती मागे वळलेली कड उजेडावर काळी दिसली. मग उतरायला आणली. थ्रॉटल कमी केला, रस्त्याच्या रेषेत यायला उजवं वळण दिलं. वळण जरा मोठं होतंय असं वाटून किंचित नाक वर ओढलं.

उजवा पंख खाली गेला. झुकला नाही, गेला. कोणी खालून दोरी ओढल्यासारखा. मी रिमोटची काठी डावीकडे पूर्ण दाबली, त्याने आणखी बिघडलं. पंधरा मीटरवरून नाक खाली, अर्धी गिरकी, आणि मुरमावर कागदी डबा फुटल्याचा आवाज. शिशाचा तुकडा रस्त्यावर चार मीटर पुढे जाऊन पडला होता.

पहिले दोन दिवस सगळा दोष कूलरचा होता. पंखाचं उजवं टोक टेबलावर ठेवून मोजलं. मागची कड डाव्यापेक्षा तीन मिलिमीटर खाली. साडेआठ सेंटीमीटर रुंदीवर तीन मिलिमीटर म्हणजे दोन अंश. टोक जास्त कोनात हवेला भिडत होतं, म्हणून आधी त्याचीच हवेवरची पकड सुटली. बरोबर. पण मग डावं टोक मोजत बसलो, हिशोब पुन्हा मांडला, आणि कूलरला सोडून द्यावं लागलं. तो पंख पडणारच होता. कूलरने फक्त आधी कोणती बाजू पडेल ते ठरवलं.

चूक माझ्या त्या देखण्या छेदाची होती. विमान सोळा पट लहान केलं तरी हवा लहान होत नाही. पंखाची रुंदी, वेग आणि हवेचा चिकटपणा यांचा मिळून जो रेनॉल्ड्स आकडा येतो, तो खऱ्या डाकोटाच्या पंखाच्या टोकाशी उतरतानाही तीसेक लाख असतो. माझ्या टोकाशी तो साठ हजारांच्या आसपास होता. एवढ्या कमी आकड्याला सहा टक्क्यांचा, पातळ नाकाचा छेद जरा कोन वाढला की हवा सोडून देतो. त्यात निमुळत्या पंखात टोकाकडच्या भागाला त्याच्या रुंदीच्या मानाने जास्त ओझं पेलावं लागतं. म्हणजे सगळ्यात अशक्त जागेवर सगळ्यात जास्त भार, आणि तो मी हौसेने, अस्सल म्हणून तिथे ठेवला होता. स्टीलच्या शेडमध्ये असा खांब कोणी काढला असता तर मी त्याला चहाही पाजला नसता. आणि एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून बसलो, कारण पाच मिलिमीटरचा थर्माकोल ओल्या कागदाने पिळला जाणार हेही त्याच ड्रॉइंगवर लिहिलेलं होतं.

दुसरा पंख पावसाळ्यात केला. मुळापासून टोकापर्यंत क्लार्क वाय नावाचा छेद, टोकालाही जवळपास बारा टक्के जाड. टोकाची रुंदी एक सेंटीमीटरने वाढवून साडेनऊ. आणि टोक अडीच अंश खाली पाहणारं, म्हणजे मूळ सुटलं तरी टोक हवेला धरून राहील. त्यासाठी पंख टेबलावर पालथा न घालता सुलटा ठेवला, टोकाच्या मागच्या कडेखाली चार मिलिमीटरची पट्टी सरकवली आणि वर टेलिफोनच्या जुन्या डिरेक्टऱ्या रचल्या. पावसाळी हवेत फेविकॉल वाळेना. डिरेक्टऱ्या पाच दिवस हलवल्या नाहीत. वरून पाहिलं तर पंख आता किंचित बोथट दिसतो. मला दिसतो. आजवर दुसऱ्या कोणी म्हटलेलं नाही.

नोव्हेंबरात पुन्हा कुही फाटा. नवं वजन २,४६० ग्रॅम. या खेपेला उंचावर नेऊन मुद्दाम थ्रॉटल तोडला आणि नाक ओढत राहिलो. विमान मान हलवत हलवत सरळ खाली बसलं, पंख पडला नाही. तीन उड्डाणं अशी झाली की लिहिण्यासारखं काही नाही.

चौथ्यात, चढताना, नाक एकदम डावीकडे वळलं. आवाज बदलला, हुंकार जाऊन एकच भुणभुण. डावी मोटर गेली होती. एका मोटरवर उडत राहायचा मोह फार होतो, कारण विमान अजून हवेतच असतं. पण चालू मोटरला जितका जोर द्यावा तितकी ती विमानाला मेलेल्या मोटरकडे फिरवते. जमिनीवर लेआउटच्या रस्त्यावर एक मोटर बंद ठेवून आम्ही हे करून पाहिलं होतं, अर्ध्या थ्रॉटलच्या पुढे रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, पुरत नाही. मी दोन्ही बंद केल्या. ती रस्त्यापर्यंत आली नाही, सोयाबीन काढून झालेल्या वावरात ढेकळांवर बसली आणि उजवं चाक मोडलं. बस्स.

आम्ही पोचेपर्यंत धुऱ्यावरून शेतकरी आला. "फवारणीचं हाय का जी हे?" नाही म्हटलं. त्याने वाकून नीट पाहिलं. "मंग पडलं का पाडलं?"

सहापैकी एक जोड सुटला होता. तीन वायरींपैकी एक गेली की मोटर थरथरते, फिरत नाही. मित्र म्हणाला जोड त्याचा नव्हता, तो मी केलेला होता. आणि ते खरं होतं.

घरी आल्यावर ती पुन्हा डायनिंग टेबलावर. बाबा चष्मा लावून समोर बसले. गोल पाहिला, पंखे बोटाने फिरवले, शेपटीवर बसलेली होती म्हणून धड कसं वर चढत जातं ते डोळा बारीक करून पाहिलं. मला वाटलं आता चढाची गोष्ट निघणार. ते टेबलाला वळसा घालून डाव्या बाजूला गेले.

"दार कुठं आहे रे हिचं?"

मी पाहिलं. डाव्या कुशीला, मागे, जिथे डाकोटाचं ते रुंद दुहेरी दार असतं, तिथे सपाट ऑलिव्ह रंग. खिडक्या अकरा वेळा मोजल्या होत्या. दार काढायचंच राहिलं होतं.

"मंग पोते कुठून चढवतील?"

ब्लेड घेऊन मी तिथे चौकोन कापला. प्लायच्या पाचव्या आणि सहाव्या गोलाच्या मधे येतो, त्यामुळे धड कमजोर होत नाही. कापडाची बिजागरी, आत छोटा लोहचुंबक, सगळं मिळून चार ग्रॅम. बॅटरीची पिन आधी पंख उघडून लावावी लागायची. आता वायर मागे आणून त्या दारातून लावतो.